सन कॉन्यूरचे सततचे ओरडणे आटोक्यात कसे आणावे

पाळीव पोपटाचे ओरडणे पूर्णपणे बंद करता येत नाही. ते कधी व्हावे, किती वेळ चालावे आणि कोणत्या आवाजात व्हावे, हे मात्र बऱ्याच अंशी घरातल्या माणसांच्या हातात असते. आजकाल शहरांतील सदनिकांमध्ये मोठ्या हौसेने पाळला जाणारा पिवळ्या-केशरी रंगाचा सन कॉन्यूर हा पक्षी मी या लेखासाठी मुद्दाम निवडला आहे. जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या या जिवाचा आवाज इतका तीव्र असतो की बंद दारांतूनही तो वरच्या मजल्यावर पोहोचतो, आणि पक्षी विकताना दुकानदार ही गोष्ट सहसा सांगत नाहीत. येथे दिलेले उपाय थोड्याफार फरकाने कॉकटिल, आफ्रिकन ग्रे किंवा मकाव या इतर जातींच्या पोपटांनाही लागू पडतात.

आधी आपली अपेक्षा ठरवावी. सन कॉन्यूर मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला, म्हणजे गयाना आणि त्याला लागून असलेल्या ब्राझीलच्या रोरायमा राज्यातला. तेथे तो थव्याने राहतो. झाडीमुळे एकमेकांच्या नजरेआड झालेले पक्षी सतत साद घालून आपापला ठावठिकाणा कळवत राहतात, आणि हा आवाज दूरवर जावा म्हणूनच तो इतका कर्कश असतो. आपल्याकडच्या वडा-पिंपळावर संध्याकाळी उतरणारे हिरव्या पोपटांचे थवे ज्याने ऐकले आहेत, त्याला सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना होणाऱ्या या कलकलाटाची कल्पना असेल. दिवसातून दोन वेळा, पंधरा-वीस मिनिटे होणारे असे ओरडणे हा या पक्ष्याचा स्वभावधर्म आहे आणि तो दाबण्याचा प्रयत्न करू नये. ज्याला तेवढेही सहन होणार नसेल, त्याने सन कॉन्यूर घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला उपाय करायचा आहे तो दिवसभर, एकाच सुरात, माणूस नजरेआड झाला की सुरू होणाऱ्या आणि तो परत येईपर्यंत न थांबणाऱ्या ओरडण्यावर.

त्याआधी पक्षी आजारी नाही, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. ओरडण्याची पद्धत अचानक बदलली असेल, किंवा ओरडण्याबरोबर पिसे फुगवून बसणे, विष्ठेचा रंग वा पातळपणा बदलणे, श्वास घेताना शेपटी वरखाली हलणे, स्वतःची पिसे उपटणे, खाणे कमी होणे यांपैकी काहीही दिसत असेल, तर पक्ष्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे त्याला त्याच दिवशी न्यावे. पोपट आजार लपवतात आणि लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. नेहमी ओरडणारा पोपट एकाएकी गप्प झाला, तर त्या शांततेने निश्चिंत होऊ नये. ती ओरडण्यापेक्षा अधिक काळजीची बाब आहे.

प्रकृती ठीक असेल तर पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. एक साधी वही पिंजऱ्याजवळ ठेवून ओरडणे सुरू झाल्याची वेळ, त्याच्या अगदी आधी काय घडले आणि ओरडल्यानंतर घरातल्या माणसाने काय केले, एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. माझ्या परिचयातल्या एका घरी घरून काम करणाऱ्या ताईंनी अशी वही ठेवली होती. त्यांच्या नोंदी साधारण अशा होत्या : फोन आला म्हणून आतल्या खोलीत गेले, ओरडायला लागला, दारातून डोकावून ‘गप्प बस रे’ म्हटले, थांबला, पुन्हा आत गेले, पुन्हा सुरू, शेवटी शेंगदाणा दिला, थांबला. पानभर अशा नोंदी झाल्यावर त्यांना कोणी काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पक्षी ओरडत होता कारण ओरडले की माणूस परत येतो, हे त्या घराने त्याला रोज नेमाने शिकवले होते. ‘गप्प बस’ हे आपल्या दृष्टीने रागावणे असले, तरी थव्यात राहणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने ते सादेला मिळालेले उत्तर आहे, आणि जितक्या मोठ्याने आपण रागावतो तितके ते उत्तर त्याला अधिक चांगले वाटते.

ओरडण्यामागे एकच कारण असेल असे मात्र नाही. वहीत दुपारची रिकामी वेळ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर कंटाळा, रात्री उशिराची वेळ दिसत असेल तर अपुरी झोप आणि खिडकीतून घार, कावळा किंवा मांजर दिसल्यानंतरची नोंद असेल तर भीती हे कारण असते. भीतीने ओरडणाऱ्या पक्ष्याकडे दुर्लक्ष करणे निर्दयपणाचे आहे. त्याच्याजवळ जावे, पिंजरा त्या खिडकीपासून हलवावा आणि त्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असेल असे पाहावे, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही अशी खात्री त्याला वाटते.

सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत अधिक चिकाटी मागणारे कारण म्हणजे माणसाला बोलावण्यासाठी ओरडणे. त्यावरचा उपाय ‘दुर्लक्ष करा’ एवढ्यावर संपतो असे अनेकजण सांगतात, आणि तेथेच घोटाळा होतो. साद घालणे ही पोपटाची गरज आहे. ती साद घालायचीच नाही, असे आपण त्याला शिकवू शकत नाही. कोणत्या सादेला उत्तर मिळेल, एवढे मात्र शिकवू शकतो. म्हणून दुर्लक्षाच्या आधी पर्यायी आवाज ठरवावा. दोन सुरांची हलकी शिट्टी, जिभेने काढलेला ‘टक’ असा आवाज किंवा त्याला आधीच येत असलेला एखादा शब्द यांपैकी काहीही चालेल. सन कॉन्यूरचे बोलणे फारसे स्पष्ट नसते, त्यामुळे त्याच्या बाबतीत शब्दापेक्षा शिट्टी बरी. ती कुकरच्या शिट्टीशी किंवा दारावरच्या घंटीशी मिळतीजुळती नसावी, नाहीतर दिवसभरात कोणाला उत्तर द्यायचे हे पक्ष्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. व्हेनेझुएलातील हिरव्या पाठीच्या इवल्याशा पोपटांवर कार्ल बर्ग या संशोधकाने केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले होते की, पिल्ले घरट्यात असतानाच आईबापांकडून आपापली ओळखीची साद उचलतात. घरात ठरवलेली शिट्टी शिकण्याची क्षमता पोपटाच्या अंगी उपजतच असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

शिकवण्याची रीत अशी. पक्षी शांत असताना, शक्यतो सकाळचे खाणे देण्यापूर्वी, त्याच्या समोर उभे राहून ती शिट्टी वाजवावी आणि लगेच सूर्यफुलाची एक बी द्यावी. सूर्यफुलाच्या बिया वाटीतून पूर्णपणे काढून टाकून केवळ या शिकवणीसाठी राखून ठेवाव्यात, म्हणजे त्यांची किंमत टिकते. शिवाय तेलबिया कमी झाल्याने त्याच्या यकृतावरचा भारही हलका होतो. काही दिवसांनी तो शिट्टीची ओबडधोबड नक्कल करू लागेल. ती नक्कल कितीही वेडीवाकडी असली तरी तिला तत्काळ उत्तर आणि बी मिळाली पाहिजे. त्यानंतर शिट्टी वाजवून दोन पावले मागे जावे, त्याने उत्तर दिले की परत यावे. मग दारापर्यंत, मग दाराआड क्षणभर, मग दुसऱ्या खोलीत असे अंतर आणि वेळ हळूहळू वाढवावी. तो ओरडू लागला तर आपण एका वेळी फार मोठी पायरी चढलो असे समजून पुढच्या वेळी अंतर कमी करावे. दाराआडून त्याने शिट्टी घातली की, हातात पीठ असो वा फोन सुरू असो, आपणही शिट्टीने उत्तर द्यावे. प्रत्येक वेळी जाण्याची गरज नसते. ‘मी आहे’ एवढे कळले तरी त्याचे बहुतेक वेळा भागते. सुरुवातीच्या काळात मात्र आपल्याकडून एकही शिट्टी वाया जाऊ देऊ नये, कारण हलक्या आवाजाला उत्तर मिळत नाही असे त्याला वाटले की तो पुन्हा जुन्या, खात्रीच्या मार्गाकडे वळतो.

याच काळात ओरडण्याला मात्र काहीही मिळता कामा नये. बोलणे नाही, रागावणे नाही, पिंजऱ्यावर थाप मारणे नाही, डोळ्याला डोळा भिडवणेही नाही. त्याच खोलीत असल्यास शांतपणे पाठ फिरवावी किंवा बाहेर जावे. परत येताना तो ओरडत असेल तर दाराआड थांबावे, आणि श्वास घेण्यासाठी तो तीन-चार क्षण थांबला की त्या शांततेत आत यावे. ही वेळ नंतर दहा क्षण, अर्धा मिनिट अशी वाढवत न्यावी.

येथे एक इशारा देणे मला फार गरजेचे वाटते. नेहमीचे उत्तर मिळेनासे झाले की पोपट आधी कमी नव्हे, जास्त ओरडतो. काही दिवस हे ओरडणे पूर्वीपेक्षा मोठे आणि दीर्घ असते. पूर्वी हमखास चालणारा उपाय आता का चालत नाही, म्हणून तो अधिक जोर लावून पाहत असतो; उपाय लागू पडू लागल्याची ही खूण आहे. दुर्दैवाने याच टप्प्यावर घरातल्या कोणाचा तरी धीर सुटतो. अर्धा तास सहन करून शेवटी त्याच्याकडे धावणे हे पहिल्या मिनिटाला धावण्यापेक्षा वाईट, कारण त्यातून तो ‘अर्धा तास ओरडावे लागते’ एवढाच धडा घेतो. म्हणून हा उपाय सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना विश्वासात घ्यावे, काही दिवस आवाज वाढेल हे त्यांना सांगावे आणि मुलांच्या परीक्षा किंवा घरातील आजारपण असा काळ टाळूनच सुरुवात करावी.

घरातल्या सर्वांनी एकच गोष्ट करणे, हे या साऱ्यातले सर्वांत अवघड काम आहे. आपण दुर्लक्ष करायचे आणि आजोबांनी मायेने ‘काय झालं रे बाळा’ म्हणत पेरूची फोड द्यायची, असे झाले तर मेहनत पाण्यात जाते, कारण अधूनमधून मिळणारे बक्षीस रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय अधिक घट्ट करते. आजोबांना मनाई करू नये, त्यांना शिट्टी शिकवावी आणि पेरूची फोड शिट्टीच्या उत्तरात द्यायला सांगावे. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांगावे. दिवसातले दोन-तीन तास पक्षी त्यांच्याच सोबत असतो.

झोपेकडे बहुतेक घरांत कोणाचेही लक्ष नसते. विषुववृत्ताच्या जवळ राहणाऱ्या या पक्ष्याला रात्री दहा ते बारा तास सलग अंधार आणि शांतता लागते. दिवाणखान्यात ठेवलेल्या पिंजऱ्यासमोर रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संच सुरू असेल आणि पहाटे सहाला पाण्याची मोटर वाजत असेल, तर तो पक्षी चिडचिडा होणारच. शक्य असल्यास रात्रीसाठी आतल्या खोलीत एक लहान पिंजरा ठेवावा आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास त्याला तेथे नेऊन निजवावे. हवा खेळती राहील अशा पातळ सुती कापडाने पिंजरा झाकायला हरकत नाही. हेच कापड दिवसा ओरडण्याची शिक्षा म्हणून मात्र टाकू नये. तो गप्प बसतो खरा, पण रात्रीच्या विश्रांतीची खूण असलेल्या कापडाची त्याला भीती बसते.

कंटाळ्यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात आणि सोलण्यात घालवतो. आपण वाटी भरून ठेवतो आणि त्याचे काम दहा मिनिटांत संपते. म्हणून त्याचे निम्मे खाणे लपवून द्यावे. न छापलेल्या कागदाच्या पुड्यांत राळे किंवा बाजरी बांधून त्या दांड्यांना अडकवाव्यात, मक्याचे कणीस पानांसकट द्यावे, स्वच्छ धुतलेल्या करवंटीत डाळिंबाचे दाणे आणि कोथिंबीर घालून वर कागद कोंबावा. पेरूच्या किंवा शेवग्याच्या ताज्या फांद्या, औषध न फवारलेल्या झाडाच्या असतील तर, कुरतडायला उत्तम. या पुड्या घरातली माणसे बाहेर पडण्याच्या किंवा कामाला बसण्याच्या दहा मिनिटे आधी द्याव्यात, ओरडणे सुरू झाल्यावर कधीही देऊ नयेत. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा आणि चहा-कॉफी पोपटाला विषारी आहेत. ते खेळण्याच्या निमित्तानेही त्याच्यापर्यंत पोहोचू नयेत. याशिवाय रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर, पंखे बंद करून आणि खिडक्या लावून, उडायला मिळाले पाहिजे. एवढा वेळ देणे ज्या घराला शक्य नाही, तेथे वरच्या सर्व उपायांचा परिणाम अर्धाच राहील.

वयात आलेल्या पक्ष्याचे ओरडणे वर्षातल्या काही, विणीच्या महिन्यांत वाढते आणि त्याबरोबर चावणेही सुरू होते. त्या काळात पिंजऱ्यातला आरसा, खोके, झोपण्यासाठी टांगलेली कापडी झोळी असे घरट्यासारखे काहीही काढून टाकावे आणि हात फिरवायचा तो फक्त डोक्यावर व मानेवर फिरवावा. पाठीवरून आणि पंखांखालून कुरवाळणे हे त्याच्या लेखी जोडीदाराचे वागणे असते.

शेजाऱ्यांच्या दृष्टीने पिंजऱ्याची जागाही महत्त्वाची आहे. सामाईक भिंतीला लागून किंवा जिन्याकडच्या खिडकीत पिंजरा ठेवू नये. जाड पडदे, पुस्तकांचे कपाट, सतरंजी असलेल्या खोलीत आवाज कमी घुमतो. स्वयंपाकघर मात्र सोयीचे वाटले तरी टाळावे, कारण नॉनस्टिक भांडे फार तापले तर त्यातून निघणाऱ्या वायूने पोपट काही मिनिटांत दगावू शकतो. उदबत्तीचा आणि डास पळवणाऱ्या कॉइलचा धूरही त्याच्या नाजूक फुप्फुसांना बाधतो. दिवाळीच्या रात्री फटाक्यांमुळे होणाऱ्या घबराटीत त्याला सर्वांत आतल्या खोलीत, मंद दिवा लावून, कोणाच्या तरी सोबतीत ठेवावे; त्या रात्री शिकवणीचे नियम बाजूला ठेवणेच योग्य.

अंगावर पाणी फवारणे, चोचीवर टिचकी मारणे, पिंजरा हलवणे, पंख कापणे हे उपाय अजूनही सर्रास सुचवले जातात. यांतल्या एकानेही ओरडण्याचे कारण दूर होत नाही. उलट पक्षी माणसाला घाबरू लागतो आणि घाबरलेला पोपट अधिक ओरडतो किंवा स्वतःची पिसे उपटू लागतो. त्याला सोबत म्हणून दुसरा पक्षी आणावा, हा सल्लाही विचारपूर्वक घ्यावा. दोघांची जोडी जमली तर माणसाला बोलावणे कमी होईलही, पण दोन सन कॉन्यूर एकमेकांना उत्तरे देऊ लागले की आवाज दुपटीने वाढण्याचीच शक्यता अधिक. पहिल्या पक्ष्याची घडी नीट बसल्याशिवाय दुसरा आणू नये.

घरात असलेला पक्षी आपला देशी हिरवा पोपट असेल तर प्रश्न वेगळाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणे, विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा आहे, आणि तो कितीही माणसाळला तरी त्याला ओरडू नये असे शिकवत बसण्यापेक्षा महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधून तज्ज्ञांच्या स्वाधीन करणेच उचित. स्वतःहून आकाशात सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही आणि कावळे-घारी त्याला जगू देत नाहीत. सन कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे यांसारख्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. ओरडण्याची तक्रार सोसायटीपर्यंत गेली की हे कागद सर्वप्रथम विचारले जातात, म्हणून ते आधीच पूर्ण करून ठेवावेत.

फरक दिसायला किती दिवस लागतील, हे सवय किती जुनी आहे यावर अवलंबून असते. पिल्लू असेल तर काही आठवडे, वर्षानुवर्षे ओरडून माणसे बोलावणारा पक्षी असेल तर काही महिने धरून चालावे. वही मात्र बंद करू नये. कानाला रोजचा आवाज सारखाच वाटत राहतो, पण दिवसातून आठ वेळा होणारी नोंद पाच वेळांवर आली हे कागदावर दिसते आणि त्यावरच घराचा धीर टिकतो.

सन कॉन्यूर नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. एवढ्या काळात नोकरी, घर, माणसांची तब्येत यांत बदल होतातच, आणि सर्व प्रयत्न करूनही पक्षी दुसऱ्या घरी देण्याची वेळ कधी येऊ शकते. तसे झाल्यास ओरडण्याची गोष्ट लपवून ठेवू नये. नव्या पालकांना दोन-तीनदा घरी बोलावून त्याचा सकाळ-संध्याकाळचा आवाज प्रत्यक्ष ऐकू द्यावा, वही त्यांच्या हाती द्यावी, नोंदणीचे हस्तांतर रीतसर करावे आणि ठरवलेली शिट्टी त्यांना पक्ष्यासमोरच वाजवायला लावावी, म्हणजे नव्या घरातल्या पहिल्या दिवशी त्याने तीच साद घातली तर तिला उत्तर मिळेल.